जुन्या पेपरांतली ब्लॅकबेरी: फुकटच्या फळाची बातमी कधी होते?

१९१८ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांनी ऐन शाळेच्या वेळात पोरांना बाहेर सोडायला सुरुवात केली, आणि तेही सरकारच्या सांगण्यावरून. टोपली, डबा, किटली, घरातून जे मिळेल ते घेऊन यायचं आणि रस्त्याकडेच्या काटेरी जाळ्यांतून ब्लॅकबेरी वेचायच्या. पहिलं महायुद्ध पाचव्या वर्षात शिरलं होतं, साखर त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रेशनवर होती आणि फौजेला पावाबरोबर खायला जॅम हवा होता. वेचलेल्या फळाला पौंडामागे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममागे, ३ पेन्स मिळायचे. मग शाळेने किती फळ जमवलं याची नोंद हेडमास्तरांच्या रोजनिशीत आणि स्थानिक पेपरात यायला लागली.

आता यात लक्षात घेण्यासारखं काय आहे, तर हीच पोरं त्याआधीची पन्नास-साठ वर्षं ह्याच दिवसांत ह्याच जाळ्यांत घुसत होती आणि त्यासाठी मार खात होती. १८६० च्या दशकापासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांना रोजनिशी ठेवावी लागायची आणि त्यात सप्टेंबर आला की "बरीच मुलं गैरहजर, ब्लॅकबेरी वेचायला गेली" अशा अर्थाची तक्रार वर्षामागून वर्ष येत राहते. फळ तेच, जाळी तीच, पोरंही त्याच घरांतली. पण १९१८ मध्ये त्याला भाव मिळाला, गिऱ्हाईक मिळालं, आणि जी गोष्ट उनाडपणा होती ती देशसेवा म्हणून छापून आली. जुने पेपर वाचायचे तर ही गोष्ट पहिली समजून घ्यायला हवी असं मला वाटतं. फुकट मिळणारं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं फळ बातमीत सहसा येत नाही. ते बातमीत येतं जेव्हा त्यावर कुणी किंमत लावतं, त्याच्याभोवती कुणी कुंपण घालतं, नाहीतर त्याची भीती वाटायला लागते. बाकीचा सगळा काळ ते असतं भाषेत, म्हणींमध्ये, हवामानाच्या गप्पांत, रेसिपीत, कोड्यांत.

आधी फळाबद्दल थोडं, कारण पुढचं त्यावरच उभं आहे. ब्लॅकबेरी म्हणजे गुलाबाच्या कुळातलं काटेरी झुडूप. आपल्याकडच्या करवंदाच्या जाळीसारखंच समजा, कुणी लावत नाही, पाणी घालत नाही, बांधावर आपलं आपण वाढतं आणि फळ हाताला ओरखडे काढल्याशिवाय देत नाही, फक्त ते चिकट दूध नाही आणि मोसम मे महिन्याऐवजी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंतचा. नावात बेरी असली तरी वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने ती बेरी नाही, बारीक बारीक रसाळ मण्यांचा घोस आहे आणि प्रत्येक मण्यात स्वतःची एक बी असते. एक फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि मरते. पण मरायच्या आधी तिचं लांब टोक कमान करून जमिनीला टेकलेलं असतं आणि तिथेच मुळं फुटून नवीन झाड उभं राहतं. शिवाय बऱ्याच जातींमध्ये परागीकरणातून बीजाचं नीट मीलन न होताच बी तयार होतं, त्यामुळे प्रत्येक छोटा फरक तसाच्या तसा पुढे चालतो आणि एकट्या ब्रिटनमध्येच ३०० च्या वर सूक्ष्म जाती नोंदल्या गेल्यात. या गल्लीतली गोड आणि पलीकडच्या गल्लीतली आंबट, हा गावकऱ्यांचा वाद त्यामुळे अगदी खरा असतो. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये याच फळाला ब्रॅम्बल म्हणतात, दक्षिणेत ब्रॅम्बल म्हणजे झुडूप आणि ब्लॅकबेरी म्हणजे फळ, आणि अमेरिकेत जमिनीवर पसरणाऱ्या प्रकाराला ड्यूबेरी. सर्च करताना हे कामाला येतं.

भाषेचं बघायचं तर जुन्या इंग्रजी पेपरांत हे फळ सगळ्यात जास्त भेटतं ते एका उपमेत, "ब्लॅकबेरीइतके मुबलक". निवडणुकीचे उमेदवार, अफवा, वकील, अमेरिकेत तर नावापुढे कर्नल लावणारे लोक, जे काही गरजेपेक्षा जास्त झालंय ते सगळं ब्लॅकबेरीइतकं. याचं मूळ शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'च्या पहिल्या भागात आहे, साधारण १५९६-९७ चं नाटक. त्यातला फॉल्स्टाफ म्हणतो की कारणं ब्लॅकबेरीइतकी मुबलक असती तरी मी जबरदस्तीने कुणाला कारण दिलं नसतं. त्या काळच्या उच्चारात 'कारण' आणि 'मनुका' यांचे इंग्रजी शब्द जवळजवळ सारखे ऐकू यायचे, म्हणून तिथे अचानक फळ आलंय. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकाला हे सगळं ठाऊक असेलच असं नाही, पण फळ किती मुबलक असतं हे त्याच्या वाचकाला नक्की ठाऊक होतं, नाहीतर उपमा चाललीच नसती. म्हणजे ब्लॅकबेरीची बातमी नसली तरी ती घराघरांत होती याचा पुरावा ही उपमाच देते. तसंच कोड्यांच्या सदरात येणारं एक जुनं वाक्य आहे, ब्लॅकबेरी ग्रीन असते तेव्हा रेड असते. इंग्रजीत ग्रीन म्हणजे कच्चं असाही अर्थ होतो आणि कच्ची ब्लॅकबेरी लाल दिसते, एवढीच त्यातली गोम.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गेलात की दुसरीच गोष्ट सापडते, ब्लॅकबेरी विंटर. टेनेसी, केंटकी या भागात वसंत चांगला लागून उकडायला लागतं आणि मेमध्ये, ब्लॅकबेरीला पांढरा बहर आलेला असताना, दोन-चार दिवस अचानक थंडी परत येते. त्या थंडीला हे नाव. त्याच्या आधी रेडबड विंटर येतो, मग डॉगवुड विंटर, म्हणजे जे झाड फुललंय त्याच्या नावाची थंडी. कॅलेंडर आणि हवामानखाते घराघरांत पोचायच्या आधी शेतकरी माणूस कापूस कधी पेरायचा, लोकरीचे कपडे कधी पेटीत टाकायचे हे ह्या फुलांवरून ठरवायचा, आणि स्थानिक पेपरातल्या चार ओळींच्या टिपणात "ब्लॅकबेरी विंटर आला" एवढं लिहिलं की वाचकाला सगळं समजायचं. आजच्या अभ्यासकांना अशी टिपणं फार कामाची असतात, कारण कुठल्या वर्षी कुठल्या तारखेला काय फुललं याची ती न ठरवता झालेली नोंद आहे.

इंग्लंडमधली तारीख तर त्याहून भारी आहे. तिथे समज असा की मायकलमस, म्हणजे २९ सप्टेंबरचा सेंट मायकलचा सण, उलटला की ब्लॅकबेरी खायची नाही. कारण त्या दिवशी देवदूत मायकलने सैतानाला स्वर्गातून ढकललं, तो नेमका ब्लॅकबेरीच्या जाळीत पडला आणि रागाने त्या फळांवर थुंकला, कुठे म्हणतात त्याने ती तुडवली, कुठे म्हणतात मुतला. आयर्लंडमध्ये हेच काम पूका नावाचं भूत करतं. पण काही ठिकाणी ही तारीख १० ऑक्टोबर सांगतात, आणि यामागे थुंकी नाही, सरकारी कायदा आहे. १७५२ मध्ये ब्रिटनने जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन घेतलं तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, ११ दिवस गाळले गेले. कागदावर सण २९ सप्टेंबरलाच राहिला, पण फळाला कायदा कळत नाही ना, ते आपल्या उन्हाप्रमाणे पिकणार आणि नासणार, त्यामुळे खेड्यातल्या लोकांनी जुन्या हिशेबाचा मायकलमस धरून ठेवला आणि तो नव्या कॅलेंडरात १० ऑक्टोबरला येतो. त्या एका समजुतीत कॅलेंडर बदलाचा व्रण राहून गेलाय, आणि शंभर-दीडशे वर्षांनंतरच्या पेपरांतही वाचक "ओल्ड मायकलमस"चा उल्लेख करताना दिसतात. समज मुळात चुकीचाही नाही. ऑक्टोबरात दिवस थंड, ओलसर होतात, फळात साखर कमी आणि पाणी जास्त, त्यावर करडी बुरशी धरते, माशा बसून ते आणखी मऊ करतात. सैतान नसला तरी ते फळ खाऊ नये हे बरोबरच आहे.

औषधाच्या जाहिराती आणि घरगुती उपायांची सदरं, हा तिसरा मोठा साठा. ब्लॅकबेरीच्या मुळाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, टॅनिन तुरट, आतड्याचं अस्तर आवळून धरणारं, म्हणून जुलाबावर आणि हगवणीवर ते पिढ्यान्‌पिढ्या दिलं जायचं आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतही ही साल होती. अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, गोळीपेक्षा रोगाने जास्त सैनिक मेले आणि त्यात हगवण आणि जुलाब फार वर होते. त्यामुळे त्या वर्षांतल्या पेपरांत बायकांना आवाहनं दिसतात की ब्लॅकबेरीचं कॉर्डियल करा आणि सैनिकांच्या हॉस्पिटलांना पाठवा, सोबत रेसिपी, रस, साखर, लवंग, दालचिनी, जायफळ आणि वर ब्रँडी. हगवणीचं खरं कारण घाण पाणी, त्याला हे औषध पुरं पडणारं नव्हतं, पण उकळलेला गोड रस पोटात जात होता हेही काही कमी नाही. आपल्या माणसासाठी घरी बसलेल्या बाईला करता येण्यासारखी एक गोष्ट पेपर सांगत होता, आणि मला ह्या रेसिप्या वाचताना नेहमी त्या स्वयंपाकघरांतली काळजी जाणवते.

इंग्लंडमध्ये आणखी एक उपाय होता. ज्या फांदीचं टोक जमिनीत रुजलंय तिची कमान होते, दोन्हीकडे मुळं. डांग्या खोकला झालेल्या किंवा हर्निया असलेल्या पोराला त्या कमानीखालून ठरावीक वेळा न्यायचं. पेपरांत हे बहुधा "अजूनही चालणारी अंधश्रद्धा" अशा सुरात येतं, शहरातला संपादक खेड्यातल्या माणसाबद्दल लिहितोय. असा मजकूर वाचताना लिहिणारा कोण आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो कोण, हे डोक्यात ठेवावं लागतं, कारण डांग्या खोकल्यावर तेव्हा डॉक्टरकडेही खात्रीचा इलाज नव्हता.

आता पैशाकडे. १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरचा कर पूर्ण काढला, साखर स्वस्त झाली आणि जॅमचे कारखाने वाढले. पाव आणि जॅम हे गरीब कामगारांच्या घरातलं रोजचं खाणं झालं. कारखान्याला स्वस्त फळ हवं आणि बांधावरच्या फळाइतकं स्वस्त काय असणार, त्यामुळे बायका आणि पोरं बादल्या भरून व्यापाऱ्याला विकायला लागली. मजुराच्या घरात या चार-सहा आठवड्यांच्या पैशातून हिवाळ्याचे बूट यायचे. आणि नेमकं त्याच सुमारास, १८८० मध्ये, इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. झालं, शाळा मंडळाच्या बैठकांच्या बातम्यांत ब्लॅकबेरी आली. हजेरी तपासणारा अधिकारी तक्रार करतो, कुणी सभासद म्हणतो पोरांच्या आयांना विचारा, आणि काही गावांत शेवटी सुट्टीच पुढेमागे करून टाकतात. आयर्लंडमध्ये हा धंदा पुढे बरीच वर्षं चालला. तिथे १९३७ पासून शाळेतल्या मुलांकडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेण्याची मोठी योजना झाली, त्या वह्यांतही ब्लॅकबेरी सापडते. पेपर आणि ह्या वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात, कारण पेपरात भाव कळतो आणि वहीत ते पैसे कशाला लागले ते.

कुंपणाची बाजू कोर्टाच्या रकान्यात मिळते. आपोआप उगवलेलं फळ तोडणं इंग्लंडच्या जुन्या कायद्यात चोरी धरत नव्हते, त्यामुळे जमीनमालकाला वेचणाऱ्यावर चोरीची केस टाकणं अवघड, मग कुंपणाची नासधूस केली अशा मार्गाने तो जायचा. आणि राग फळापायी असायचाच असं नाही. तित्तिराच्या शिकारीचा मोसम १ सप्टेंबरला सुरू होतो आणि फेझंटचा १ ऑक्टोबरला. म्हणजे जमीनदाराने पाहुणे बोलावून, पाळलेले पक्षी राखून ठेवलेत त्याच दिवसांत गावातल्या बायका-पोरं त्याच झुडपांत शिरून पक्षी उठवणार. एकाला शिकार, दुसऱ्याला बुटाचे पैसे. हे कळल्याशिवाय "ब्लॅकबेरी वेचणाऱ्यांना दंड" ही दोन ओळींची बातमी नुसतीच विचित्र वाटते. हा जुना संकेत पुढे १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात स्पष्ट लिहिला गेला, रानटी वाढलेलं फळ, फुलं, पानं किंवा अळंबी तोडली तर चोरी नाही, पण विकायच्या किंवा कमाईच्या हेतूने तोडली तर चोरी. इथेही बघा, पैसा आला की फळाचा दर्जाच बदलतो.

आणि भीती? त्यासाठी ऑस्ट्रेलिया. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ब्लॅकबेरी सोबत नेली, आणि व्हिक्टोरियाचे सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्युलर तर रानात फिरताना ओढ्याकाठी तिचं बी टाकत जायचे असं सांगतात, पुढच्या वाटसरूला खायला मिळावं म्हणून. हेतू चांगला होता. पण तिकडे तिला खाऊन आटोक्यात ठेवणारं फार काही नव्हतं आणि पाखरांनी बी सगळीकडे नेलं. त्यामुळे तिथल्या पेपरांचा सूर काही दशकांत पूर्ण फिरलेला दिसतो, आधी रोपांच्या जाहिराती आणि जॅमचं कौतुक, नंतर गावसभांतल्या तक्रारी, कुरणं गेली, ओढे बंद झाले, सशांना लपायला जागा झाली, नोटिसा काढा, खर्च कुणी करायचा. आज ते झुडूप तिथल्या राष्ट्रीय पातळीवरच्या तणांच्या यादीत आहे. १९८४ मध्ये कुणीतरी तिच्यावरची तांबेरा बुरशी बेकायदा आणून सोडली आणि १९९१ मध्ये सरकारने तपासून निवडलेला त्याच बुरशीचा प्रकार, तिला आटोक्यात आणायला, रीतसर सोडला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असंच झालं, आणि त्यात भारताचं नाव अडकलंय. कॅलिफोर्नियातला प्रसिद्ध रोपसंवर्धक लूथर बरबँक याला १८८५ मध्ये भारतातून आलेलं बी मिळालं, त्यातलं मोठ्या फळाचं झाड त्याने 'हिमालया जायंट' म्हणून विकलं. पुढे समजलं की ती जात मूळची आर्मेनिया आणि आसपासच्या भागातली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि ओरेगन-वॉशिंग्टनमध्ये आज रस्ते, नाले, मोकळे प्लॉट गिळणाऱ्या त्या जाळीला लोक हिमालयन ब्लॅकबेरीच म्हणतात. तिकडच्या आपल्या मराठी मंडळींनी ऑगस्टमध्ये ती खुशाल वेचून खावी, फक्त फवारणी झालेली नाही ना ते बघून.

आता स्वतः शोधायचं असेल तर. ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट आणि अमेरिकेचं क्रॉनिकलिंग अमेरिका हे जुन्या पेपरांचे तिन्ही ऑनलाइन साठे फुकट आहेत, ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हला पैसे पडतात. पण सर्चमध्ये जो आकडा येतो त्यावर लगेच विश्वास टाकू नका. ब्रिटनमध्ये पेपरवरचा स्टॅम्प कर १८५५ मध्ये उठला, कागदावरचा १८६१ मध्ये, आणि गावोगावी पेपर निघाले, त्यामुळे त्यानंतर ब्लॅकबेरीचे उल्लेख वाढलेले दिसतात त्यात फळ वाढलेलं नसतं, पानं वाढलेली असतात. अमेरिकेत १७९२ च्या पोस्टाच्या कायद्याने संपादकांना एकमेकांना पेपर बिनापोस्टेज पाठवता यायचे, मग काय, कात्री आणि खळ, एकाची रेसिपी दुसऱ्याने उचलली, त्याची तिसऱ्याने, आणि एकच कॉर्डियल ढीगभर पेपरांत सापडतं. ते ढीगभर पुरावे नव्हेत, एकच आहे, पण लोकांना ते पुन्हा पुन्हा छापावंसं वाटलं हीसुद्धा माहितीच आहे.

शिवाय मशीनने वाचलेला मजकूर चुकतो, ओळीच्या शेवटी शब्द तुटला की ब्लॅक आणि बेरी वेगळे होतात, शाई पसरली की अक्षर बदलतं. ट्रोव्हवर अशा चुका वाचक स्वतः दुरुस्त करू शकतात आणि हजारो लोक ते मनापासून करतात. ब्रॅम्बल टाकलंत तर १८४० च्या दशकातल्या ऑस्ट्रेलियन पेपरांत त्या नावाचं नौदलाचं सर्वेक्षण जहाज पुढे येतं, ब्लॅकबेरी टाकलंत तर त्या नावाचे घोडे आणि गायी, आणि १९९९ नंतरच्या पेपरांत अर्थातच तो फोन. म्हणून नुसत्या फळाच्या नावाने शोधू नका, त्याच्या जोडीला वेचणे, जॅम, शाळा, दंड, कॉर्डियल, मायकलमस असे शब्द इंग्रजीत टाका आणि महिना बांधून घ्या. ब्रिटन-आयर्लंडसाठी ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर, अमेरिकेच्या दक्षिणेत बहरासाठी मे आणि फळासाठी जून-जुलै, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पेपरांत फेब्रुवारी-मार्च, तिथला उन्हाळा तेव्हा सरत आलेला असतो.